फायटरला सोबती: लातूरच्या जड पाण्यातल्या दीड फुटी टाकीच्या नोंदी

टाकी १८ × १० × १२ इंच. काचेच्या मापाने ३५ लिटर भरते, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी २८ लिटरच. इतक्या पाण्यात फायटर माशाबरोबर आणखी कोण राहू शकेल, हे शोधण्यात माझे सहा महिने गेले. मी नर्स आहे. वॉर्डात चार्ट लिहायची सवय आहे, तसाच टाकीशेजारी एक चार्ट लावला होता. या नोंदी त्यावरून उतरवल्यात. आपल्या भागात पाणी असंच जड आहे, उन्हाळा असाच आहे, म्हणून इथल्याच कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

धाकटा भाऊ पुण्याहून येताना लेकीसाठी फायटर घेऊन आला. निळा, हाफमून जातीचा, शेपटी उघडली की अर्धा चंद्र. २५० रुपये. सोबत काचेचं गोल भांडं, जेमतेम दोन लिटरचं. लेकीने नाव ठेवलं निळ्या.

दुकानदाराने भावाला सांगितलं होतं, "फायटरला भांडं चालतं, पंपही लागत नाही." तो पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, त्यामुळे पंपाविना जगतो हे खरं. पण तिसऱ्या दिवशी त्या भांड्यातल्या पाण्याला वास यायला लागला. जगणं आणि बरं असणं यातला फरक मला रोज वॉर्डात दिसतो. टाकी घ्यायचं ठरवलं.

९-१० नोव्हेंबर

टाकी १,१०० रुपये, स्पंज फिल्टर १८०, हवेचा पंप ३००. वाळू घराच्या बांधकामातली उरलेली होती, ती चाळून घेतली. धुवायला नऊ बादल्या पाणी गेलं. ते सगळं अंगणातल्या झाडांना घातलं, तरी जीव खालीवर झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यालेलं हे शहर आहे. इथं बादली ओतताना हात आपोआप थांबतो.

वाळूत पांढरे खडे बरेच होते. वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले, म्हणजे चुनखडी. ती पाण्यात राहिली तर जड पाणी आणखी जड होतं. लेक आणि मी दोन तास बसून खडे वेचले.

पाणी कोणतं वापरायचं हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती, ते मोजणारा; ३५० रुपये) आणला आणि घरातली तिन्ही पाणी मोजली. बोअरचं ९८०. नळाचं ४१०. आरओचं ४५. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, ते पाणी टाकीत साठवतो. त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८.२ निघाला, म्हणजे अल्कधर्मी.

बोअरचं पाणी सरळ बाद. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून वापरायचं ठरवलं. आरओ मिसळून पाणी मऊ करायचा मोह झाला होता. पण दर आठवड्याला तेच प्रमाण नेमकं साधलं नाही तर पाणी सारखं वर-खाली होणार, आणि माशाला ते जास्त वाईट. फायटर जड पाणी सोसतो. तेव्हा पाणी आहे तेच ठेवायचं आणि त्याला सोसणारे सोबती शोधायचे, असा निर्णय केला. तो निर्णय बरोबर होता. पुढच्या काही चुका मी त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाल्या.

१७ नोव्हेंबर

निळ्या टाकीत. इथल्या दुकानदाराने त्याच्या चालू टाकीतला स्पंज माझ्या स्पंजावर पिळून दिला, म्हणजे त्यातले जिवाणू आपल्या टाकीत लवकर वाढतात. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषारी आहेत. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे: पीएच जितका वर, तितका अमोनिया जास्त विषारी. कमी पीएचच्या पाण्यात जो आकडा मासा सोसेल, तोच आकडा ८.२ पीएचला त्याला मारू शकतो.

टेस्ट किट ९०० रुपये. महाग वाटलं. पण तापमापक न लावता तापावर औषध देणार का, असं मनाला विचारलं आणि घेतलं.

आडोशासाठी दिवाळीच्या पणत्या उपड्या ठेवल्या, कडेला टवका काढून दार केलं. पहिल्या चार पणत्यांना गेरू लावलेला होता. तासाभरात पाणी तांबूस झालं. काढल्या, आठ लिटर पाणी बदललं, आणि न रंगवलेल्या, तेल न लागलेल्या कोऱ्या पणत्या दोन दिवस भिजवून मग ठेवल्या. तेल प्यालेली पणती कितीही घासली तरी वापरू नका.

२४ नोव्हेंबर

पहिली मोठी चूक. अमोनिया ०.५ पीपीएम होता. त्या दिवशी टाकीत काहीच टाकायला नको होतं.

पण लेक रोज म्हणायची, "आई, निळ्याला करमत नाही गं. एकटाच आहे." मलाही तसंच वाटायला लागलं. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, गप्पी टाका की. बिनधास्त चालतात." गप्पीच्या दोन जोड्या, ८० रुपये. गप्पीला जड पाणी मानवतं हे मी वाचलं होतं, म्हणून विश्वास बसला.

संध्याकाळी सहाला सोडल्या. सव्वासहाला निळ्याने गालफडं फुगवली. दोन्ही नर गप्पींच्या शेपट्या नारिंगी, पंख्यासारख्या पसरलेल्या. निळ्याच्या लेखी ते मासे नव्हतेच, त्याच्या हद्दीत शिरलेले दुसरे फायटर होते. मी दिवा बंद केला, वाटलं अंधारात शांत होईल.

२५ नोव्हेंबर

सकाळी एक नर तळाशी मेलेला, शेपटी मुळापासून गेलेली. दुसरा फिल्टरमागे तिरपा होऊन श्वास घेत होता, दुपारी गेला. अमोनिया १.०. लेक शाळेत जाताना एक शब्द बोलली नाही.

उरलेल्या दोन माद्या सासूबाईंच्या सांगण्यावरून मागच्या हौदात सोडल्या. हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदांत गप्पी सोडतात, ते त्यांनी पाहिलेलं होतं. माद्यांच्या पोटात पिल्लं होती, जानेवारीपर्यंत हौदात गप्पींचा थवा झाला. हौद बंदिस्त आहे म्हणून हे चालतं. ओढ्यात, विहिरीत, तलावात टाकीतला कोणताही मासा सोडू नका.

माझा त्या दिवशीचा निष्कर्ष चार्टवर आहे: "पाणी तयार नव्हतं म्हणून मेले." अर्धंच खरं होतं. माशांच्या स्वभावाबद्दल मी तिथे एक ओळही लिहिली नाही, आणि त्याची किंमत महिन्याने मोजली.

५ डिसेंबर

नायट्राइट सर्वात वर, किटच्या रंगपट्टीवर गडद जांभळं. रोज सहा लिटर पाणी बदलते आहे. काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. कढीपत्त्याला नवी पालवी आली, हा नायट्रेटचा गुण.

१२ डिसेंबर

पहाटे पाणी १९ अंश. निळ्या तळाशी पडून, रंग फिका, दाणे तोंडात घेऊन टाकून देतो. मी आधी आजार समजले आणि औषध आणायला निघाले होते. मूळ थायलंडच्या भातखाचरांतला आणि साचलेल्या उथळ पाण्यांतला मासा हा, त्याला २४ ते २८ अंश लागतात. आपल्याला मराठवाडा म्हटलं की ऊनच आठवतं, पण डिसेंबरातल्या पहाटेने काचेची टाकी गार पडते. ५० वॉटचा हीटर, ४५० रुपये. २६ वर लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळ्या नेहमीसारखा काचेजवळ येऊन खायला मागत होता. औषध आणलं असतं तर ते वाया गेलं असतं आणि कारण तसंच राहिलं असतं.

२१-२२ डिसेंबर

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. पाच आठवडे लागले.

दुसरी चूक लगेच दुसऱ्या दिवशी. निऑन टेट्रा सहा, २४० रुपये. माझा हिशेब असा होता: शेपटी छोटी, कळपाने राहतात, निळ्याला शत्रू वाटणार नाहीत. तेवढं खरं निघालं. त्याने दोनदा हुसकावलं आणि सोडून दिलं. मी निर्धास्त झाले. निळ्या त्यांना काय करेल याचाच विचार केला होता. ते निळ्याला काय करतील, हा विचार शिवलाही नाही.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

सकाळीच सगळे शेतात गेलो. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली, भज्जी, आंबील, उंडे, पाहुणे. रात्री आठला परतलो. दिवा लावला तर निळ्याची शेपटी लक्तरासारखी. खालचा पर जवळजवळ अर्धा.

फिल्टरला अडकली असेल म्हणून तो तपासला. स्पंज मऊ होता. पणत्यांच्या कडा बोटाने चाचपल्या, एक कड जरा धारदार होती ती घासली. पण शेपटीवर ओरखडे नव्हते, बारीक बारीक तुकडे तोडल्यासारखे अर्धगोल होते. मग खोलीतला दिवा बंद करून, टाकीचा तेवढा चालू ठेवून चाळीस मिनिटं खुर्चीवर बसले. पंचविसाव्या मिनिटाला दिसलं. निळ्या वळला की तीन निऑन मागून येतात, शेपटीच्या टोकाला तोंड लावतात आणि पळतात. लांब पर ओढत चालणारा मासा, त्याला वळायलाच वेळ लागतो. तोवर ते दुसऱ्या कोपऱ्यात.

निऑन सगळीकडे असेच वागतात असं नाही. मोठ्या टाकीत दहा-बाराचा कळप असला तर ते आपसातच गुंततात. दीड फुटात सहाच असले, पळायला लांबी नसली, की ती चुळबूळ सर्वात संथ माशावर निघते. शिवाय निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आंबट पाण्यातला. माझ्या ८.२ पीएचमध्ये त्यांचे रंगही पहिल्या दिवशी होते तसे राहिले नव्हते. इथे माझ्या लक्षात आलं की चाळण्या दोन आहेत. गप्पी पाण्याच्या चाळणीतून पार झाले, स्वभावाच्या चाळणीत अडकले. निऑन दोन्हींत अडकले.

रात्रीच निऑन बादलीत काढले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने १०० रुपयांत परत घेतले. त्याने परत घेतले हेच खूप.

१ ते २२ जानेवारी २०२५: शेपटी

औषध काहीच दिलं नाही. दर तीन दिवसांनी पाच लिटर पाणी बदललं आणि बदामाचं पान टाकलं. आपण खातो तो बदाम नव्हे. शाळांच्या आवारात रुंद, लाल होणाऱ्या पानांचं झाड असतं, त्याचं आपोआप गळलेलं, वाळलेलं पान. दवाखान्याच्या फाटकाशी एक झाड आहे, तिथून आणलं. रस्त्याकडेचं धुरातलं, फवारणी झालेलं घेऊ नका. धुऊन, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून टाकीत सोडलं. पाणी चहासारखं होतं, घाबरायचं नाही.

मीठ टाकायचा सल्ला दोघांनी दिला. टाकलं नाही, कारण पुढे गोगलगायी आणायच्या होत्या.

आठव्या दिवशी फाटक्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली. नवी वाढ अशीच येते. तिला कुज समजून औषध ओतू नका. कुजीची कड काळपट किंवा लाल असते आणि आत आत सरकते. तीन आठवड्यांत शेपटी पाऊण भरली. पूर्वीचा अर्धा चंद्र मात्र परत आला नाही, एका जागी खाच राहिलीच.

लेक दर रविवारी पट्टी काचेला लावून मोजायची. तिने वहीत लिहिलंय, "निळ्याला मित्र नको होते, आपल्याला हवे होते." मी ते तीनदा वाचलं. सोबती शोधायचं थांबवावं का, असा विचार त्या आठवड्यात गंभीरपणे केला. एकटा फायटर हे काही अपुरं चित्र नाही, रानातही नर आपापली हद्द धरूनच असतो. शेवटी ठरवलं की मासा आता नाही. तळ आणि काच स्वच्छ करणारं, त्याच्या वाटेत न येणारं काही मिळालं तरच.

२६ जानेवारी

ॲपल स्नेल जातीची गोगलगाय, पिवळी, ५० रुपये. आकाराने लिंबाएवढी. जड पाण्यात शंख छान राहतो, तेव्हा पाण्याची चाळणी पार. पण तिच्या मिशा लांब, हलत्या, अळीसारख्या. निळ्या मांसाहारी. दोन दिवसांत एक मिशी अर्धी. गोगलगाय शंखात बसून राहिली. शिवाय इतकी घाण करते की नायट्रेट आठवड्यात १० वरून ३० वर गेलं. एका मैत्रिणीच्या मासे नसलेल्या टबात ती दिली, तिथे मिशी पुन्हा वाढली.

दुकानात "मग सकर घ्या, काच चाटून साफ करतो" असं सांगितलं. बोटाएवढा, ३० रुपये. घेतला नाही. हा मासा फूटभरापेक्षा मोठा होतो. मग लोक तो नदीत सोडतात, आणि देशात अनेक नद्या-तलावांत आज तो पसरलाय, मच्छीमारांची जाळी फाडतोय. दीड फुटी टाकीत त्याला आणणं म्हणजे आज ना उद्या त्याला कुठेतरी टाकून देण्याची तयारी करणं.

विचारात घेऊन सोडून दिलेले बाकीचे: कोरिडोरस (बुटके घेतले तरी सहा हवेत, तळाची जागा पुरत नाही, आणि आमचा एप्रिल त्यांना सोसणार नाही). गुरामी (फायटरचाच भाऊबंद, मारामारी नक्की). टायगर बार्ब (शेपट्या तोडण्यात निऑनच्या पुढे). फायटरची मादी: शेजारच्या काकूंनी "जोडी करा" म्हणून सुचवली, पण नर-मादी कायम एकत्र राहत नाहीत, नर तिला मारतो.

१५-१८ फेब्रुवारी

भाऊ पुण्याहून आला. येताना झेब्रा नेराइट गोगलगायी दोन (प्रत्येकी ९०), चेरी झिंगे दहा (प्रत्येकी ४०) आणि जावा मॉस या शेवाळासारख्या पाणवनस्पतीचा एक गठ्ठा (१५०) आणला. बसमध्ये आठ तास पिशवी मांडीवर धरून.

तिसरी चूक, आणि ही माझ्या पेशाला न शोभणारी. रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळची ड्यूटी होती. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवली आणि झिंगे सोडून दिले. पिशवीतलं पाणी मोजलं ते सोडल्यानंतर: टीडीएस १९०. माझ्या टाकीत तोवर ४६०. इतका फरक मासा कदाचित निभावून नेतो, झिंगा नाही. दोन दिवसांत चार मेले. एकाची कात अर्धी सुटून अडकलेली.

झिंग्यांना नव्या पाण्याची हळूहळू सवय करायला सलाईनची नळी लागते. औषधाच्या दुकानात २५ रुपयांना मिळते. टाकीतून नळी लावायची, चाकाने थेंब कमी करायचे, सेकंदाला दोन थेंब, आणि झिंग्यांच्या डब्यातलं पाणी तिप्पट होईपर्यंत थांबायचं. दीड-दोन तास. माणसांना मी हेच रोज करते. १६० रुपयांचे चार जीव त्या रात्रीच्या घाईत गेले.

नेराइटना काही झालं नाही. शंख जाड, मिशा आखूड, आणि निळ्याने दोनदा टोचून पाहिलं तशा त्या काचेला घट्ट चिकटल्या. तिसऱ्यांदा तो फिरकला नाही.

२३ फेब्रुवारी

उरले सहा झिंगे. निळ्याने एक नक्की खाल्ला, शेपटीचा तुकडा पणतीजवळ दिसला. इथे बदल केला. निळ्याला छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून दोन दिवस टाकीतच तरंगत ठेवलं. तेवढ्यात सगळ्या पणत्यांच्या जागा बदलल्या, मॉस दोन गठ्ठ्यांत वाटून दोऱ्याने दगडांना बांधला आणि झिंगे त्यात मुरू दिले. मग त्याला सोडलं. त्याला टाकी नवी वाटली, आपली हद्द कुठली हे ठरवण्यात त्याचा दिवस गेला. सोबती आधी, फायटर शेवटी, हा क्रम मी नोव्हेंबरातच पाळायला हवा होता.

९ मार्च

नेराइटसाठी रात्री दिवा बंद केल्यावर उकडलेली दुधी भोपळ्याची चकती टाकते, सकाळी काढते. आधी गोगलगायींच्या खाद्याची गोळी टाकायचे, तर ती निळ्याच फोडून खायचा. पोट फुगलं, दोन दिवस उपास ठेवला तेव्हा उतरलं. दुधीला तो तोंड लावत नाही.

काचेवर पांढरे, तिळासारखे ठिपके. नेराइटची अंडी. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे गोगलगायींनी टाकी भरून जाण्याची भीती नाही. ठिपके मात्र नखानेही निघत नाहीत, जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडावे लागतात.

२३ मार्च

ही नोंद लिहायला जड जाते. मी सलग दोन दिवस ड्यूटीवर होते. टाकीतलं पाणी बोटभर उतरलेलं सासूबाईंना दिसलं. त्यांनी प्यायच्या तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर ठेवलेलं पाणी तांब्याने आणून भरलं. "तांब्याचं पाणी लई चांगलं असतंय, म्हणून लेकरांना घातलं गं," त्या म्हणाल्या. घरात जे सर्वात चांगलं पाणी, ते त्यांनी माशांना दिलं होतं.

संध्याकाळी दोन झिंगे उताणे, एक नेराइट शंखाचं झाकण लावून तळाशी. निळ्याला काहीच नाही. तांबं झिंग्यांना आणि गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही विषारी असतं. माशांच्या कित्येक औषधांतही ते असतं, म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय अशा टाकीत औषध टाकू नये. माझ्याकडे तांबं मोजायचं किट नव्हतं, पण दुसरा काही बदल झालेला नव्हता. लगेच निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तृतीयांश. नेराइट तिसऱ्या दिवशी चालायला लागली. झिंगे उरले तीन.

सासूबाई दोन दिवस टाकीकडे फिरकल्या नाहीत. मी त्यांना नळाच्या पाण्याची निळी बादली दाखवली आणि म्हटलं, रोजचं पाणी आता तुम्हीच भरायचं, मला वेळ होत नाही. तेव्हापासून त्याच भरतात.

६ एप्रिल

दुपारी पाणी ३२.५. हीटर केव्हाच काढून ठेवला होता. बर्फाची बाटली एकदा टाकून पाहिली: तासात २८, तीन तासांत पुन्हा ३२. असे झोके गरमीपेक्षा वाईट. बंद केलं. कूलरसमोर टाकी ठेवता येत नाही, खोलीत जागा नाही. लहान क्लिपचा पंखा (३५० रुपये) पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावला. झाकण काढावं लागतं, आणि फायटर उडी मारतो, म्हणून वर मच्छरदाणीचं कापड ताणून रबराने बसवलं. पाणी २९ वर स्थिर.

याची किंमत अशी की रोज लिटरभर पाणी उडून जातं. सुरुवातीचे पाच दिवस ती भर नळाच्या पाण्याने घातली. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यावर आणखी क्षार. टीडीएस ४६० वरून ५३० झाला. आता उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याचा बदल नळाच्या पाण्याने. निळ्या बादलीशेजारी पांढरी बादली आली. सासूबाईंनी पांढरीवर खडूने लिहून घेतलंय: "रोज".

१९ एप्रिल

दुपारी पाच तास वीज नव्हती. पंप बंद, पंखा बंद, पाणी ३१. निळ्या वर येऊन हवा घेत होता, त्याला अडचण नव्हती. झिंगे मॉस सोडून पृष्ठभागाशी आले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्यांना हवेतून श्वास घेता येत नाही. मगाने पाणी उचलून वरून ओतत बसलो, मी आणि लेक आळीपाळीने. दुसऱ्या दिवशी सेलवर चालणारा पंप आणला, २२० रुपये. हा पंप मार्चमध्येच घरात हवा.

२७ एप्रिल

एका झिंगीच्या पोटाखाली पिवळसर अंडी. उरलेल्या तिघांत एक तरी नर आहे हे त्यावरून कळलं. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिली, मला दवाखान्यात फोन करून सांगितलं.

१८ मे

अंडी फुटून आठ दिवस झाले असावेत. पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, जवळजवळ पारदर्शक. निळ्या मॉसच्या कडेने फिरतो आणि जे बाहेर येतं ते खातो. ती त्याची शिकार आहे, मी मध्ये पडत नाही. मॉसचा तिसरा गठ्ठा मात्र बांधला.

चुकीच्या सोबत्यांवर गेलेले पैसे: गप्पी ८०, निऑन १४०, ॲपल स्नेल ५०, घाईत मेलेले झिंगे १६०. एकूण ४३०. वेळ: पहिल्या गप्पीपासून नेराइटपर्यंत बारा आठवडे. भावाने फोनवर विचारलं, "अक्का, आता सहा एंबर टेट्रा आणू का?" नको म्हणून सांगितलं.

आजची मोजणी, रात्री दहा, टॉर्च लावून, लेकीने केलेली: निळ्या पुढच्या पणतीवर झोपलेला. नेराइट दोन, एक काचेवर, एक फिल्टरच्या नळीवर. झिंगे मोठे तीन, लहान दिसले ते आठ. पाणी २९, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५, टीडीएस ४७०. पांढऱ्या बादलीत उद्याचं पाणी भरलेलं आहे.